ग्रँडमास्टर कशी घडते? नागपूरच्या दिव्याची तेरा वर्षं

  गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकत असाल, तर मागे बसलेल्या मुलींनाही पुढे बोलवा. आजचा विषय त्यांच्याही कामाचा आहे.

आज आपण बुद्धिबळाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला सकाळी डबे करायचे असतात, घरातल्या माणसाची चाकणला पहिली पाळी असते, त्यात बुद्धिबळ कुठून आणलं? पण जुलै २०२५ मध्ये एक फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता, आठवतो का? एकोणीस वर्षांची एक मुलगी डाव जिंकते आणि आईच्या गळ्यात पडून रडते. ती आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. ती महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, आपणही कौतुक केलं. पण ग्रँडमास्टर म्हणजे काय, ते कसं होतात, त्याला किती वर्षं लागतात आणि आपल्या मुली त्यात एवढ्या कमी का, हे कुणी नीट सांगितलं नाही. ते आज समजून घेऊ.

ग्रँडमास्टर म्हणजे काय?

बुद्धिबळाचा पट आपल्याला माहीत आहे. चौसष्ट घरं, राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी. राजाला शह दिला आणि त्याला पळायला जागा उरली नाही, की मात. कुणीच जिंकलं नाही, तर बरोबरी.

या खेळाची जगभरची एक संघटना आहे, तिचं नाव फिडे. ती १९२४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ही संघटना गुण देते, त्याला रेटिंग म्हणतात. हे रेटिंग आपल्या बचत गटाच्या पतीसारखं असतं. गटाची पत एका हप्त्यात तयार होते का? नाही. वेळेवर बैठक, वेळेवर बचत, वेळेवर परतफेड, असं वर्षानुवर्षं केलं की बँक गटाला चांगला दर्जा देते. एखादा हप्ता चुकला की पत खाली येते. रेटिंगचंही तसंच. आपल्यापेक्षा भारी खेळाडूला हरवलं तर गुण जास्त वाढतात. कच्च्या खेळाडूकडून हरलं तर जास्त उतरतात.

ग्रँडमास्टर हा या खेळातला सगळ्यात वरचा किताब. एकदा मिळाला की तो जन्मभर राहतो. त्यासाठी साधारणपणे दोन अटी असतात. एक, रेटिंग कधीतरी २५०० पर्यंत पोहोचलं पाहिजे. दोन, मोठ्या स्पर्धांत तीन वेळा फार वरच्या दर्जाचा खेळ करून दाखवला पाहिजे. त्या प्रत्येक वेळेला नॉर्म म्हणतात. अशा स्पर्धेत समोर बसणारे बरेच जण आधीच ग्रँडमास्टर असतात, त्यामुळे नॉर्म मिळवायला अनेकदा परदेशी जावं लागतं. काही मोजक्या मोठ्या स्पर्धा अशा आहेत, की त्या जिंकल्या तर किताब थेट मिळतो. महिलांचा विश्वचषक त्यातलाच एक.

महिला ग्रँडमास्टर असा आणखी एक किताब आहे. तो फक्त महिलांसाठी असतो आणि त्याच्या अटी थोड्या सोप्या असतात. दिव्याला तो २०२१ मध्येच मिळाला होता. जुलै २०२५ मध्ये मिळाला तो मोठा किताब, स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी असलेला. तेव्हा भारतात ग्रँडमास्टर झाले होते अठ्ठ्याऐंशी. दिव्या अठ्ठ्याऐंशीवी. आणि त्यात महिला किती? फक्त चार. कोनेरू हम्पी, हरिका द्रोणवल्ली, वैशाली रमेशबाबू आणि दिव्या. हा आकडा लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

तेरा वर्षांचा रस्ता

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. आई-वडील दोघंही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटन खेळायला जायची, तिच्यासोबत हीसुद्धा जायची. पण ही एवढीशी, जाळीपर्यंतही पोहोचत नव्हती. त्याच इमारतीत बुद्धिबळ शिकवत होते. तिथे ती बसली आणि रमली.

२०१२ मध्ये ती सात वर्षांखालच्या मुलींची राष्ट्रीय विजेती झाली. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला दहा वर्षांखालच्या मुलींचं जागतिक विजेतेपद. २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालचं. २०२१ मध्ये महिला ग्रँडमास्टर. २०२२ मध्ये भारताची महिला विजेती. २०२३ मध्ये आशियाची महिला विजेती, आणि त्याच वर्षी इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या एक पायरी खालचा किताब. २०२४ च्या जूनमध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालच्या मुलींचं जागतिक विजेतेपद, अकरा डावांत दहा गुण. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघाला सुवर्णपदक मिळालं. दिव्या सगळे अकरा डाव खेळली, एकही हरली नाही आणि तिच्या पटावरचं वैयक्तिक सुवर्णही तिनेच घेतलं. त्या संघाचे कर्णधार होते आपल्या पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे.

मैत्रिणींनो, ही यादी मी मुद्दाम वर्षवार सांगितली. पेपरात एक दिवस छापून येतो, पण त्याच्या मागे अशी तेरा वर्षं असतात. एका एका वर्षात कितीतरी स्पर्धा, त्यातल्या कितीतरी हरलेल्या. सहा वर्षांची मुलगी एकटी रेल्वेत बसत नाही. कुणीतरी सोबत जातं, कुणीतरी रजा टाकतं, कुणीतरी तिकिटाचे पैसे भरतं. स्पर्धा सुरू असताना हॉलच्या बाहेर चार-पाच तास कुणीतरी बसून राहतं. पटावर मुलगी खेळते, पण तिला पटापर्यंत घर नेतं.

चीनच्या मुली आणि आपली मुलगी

महिलांच्या बुद्धिबळात गेली तीस-पस्तीस वर्षं चीनचा दबदबा आहे. त्यांचं स्वतःचं एक जुनं बुद्धिबळ आहे, शियांगची नावाचं. त्याच्या पटाच्या मधोमध नदी असते. श्ये जुन नावाची मुलगी लहानपणी तेच खेळायची. मग तिला आपण खेळतो ते बुद्धिबळ शिकवलं. १९९१ मध्ये ती महिलांची जगज्जेती झाली. आशियातून जगज्जेती होणारी पहिली बाई ती. तिच्यानंतर चीनच्या आणखी पाच जणी जगज्जेत्या झाल्या. त्यातली शु युहुआ २००६ मध्ये जिंकली तेव्हा गरोदर होती. हौ यिफान तर चौदाव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाली.

हे कसं जमलं? तिथे सरकारने लहान वयातच मुली हेरल्या, त्यांना प्रशिक्षक दिले, राहण्याची-जेवणाची सोय केली आणि मुलांच्या बरोबरीने सराव दिला. म्हणजे घराने जे करायचं, त्यातलं बरंच सरकारने केलं. आपल्याकडे बहुतेक वेळा सगळा भार घरावर येतो. म्हणून ज्या घरात पैसा आणि वेळ आहे, तिथलीच मुलगी पुढे जाते. हुशारी मात्र सगळ्याच घरांत जन्म घेते.

एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्यातच महिलांची ग्रांप्री स्पर्धा झाली. जगातल्या निवडक दहा जणी आल्या होत्या. आंध्र प्रदेशची कोनेरू हम्पी आणि चीनची चू जिनर या दोघींचे सारखे गुण झाले, बारकाईच्या नियमांत हम्पी पहिली ठरली. दिव्या तिसरी आली.

तीन महिन्यांनी जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात विश्वचषक झाला. एकशे सात जणी. पद्धत सरळ, दोघींमध्ये दोन डाव, जी हरेल ती घरी. बरोबरी झाली तर कमी वेळाचे डाव. दिव्याचा क्रमांक होता पंधरावा. तिच्याकडून विजेतेपदाची अपेक्षा फारशी कुणी केली नव्हती. ग्रँडमास्टरसाठी लागणाऱ्या तीन नॉर्मपैकी तोपर्यंत तिच्याकडे एकही नव्हता.

चौथ्या फेरीत तिच्यासमोर आली तीच चू जिनर, पुण्यात जिचे गुण हम्पीएवढे झाले होते. दिव्याने तिला हरवलं. मग आपल्याच हरिकाला हरवलं. उपांत्य फेरीत समोर चीनची तान चोंगयी, माजी जगज्जेती. त्यातला एक डाव एकशे एक चालींचा झाला. साधारण डाव चाळीस-पन्नास चालींत संपतो. एवढा वेळ डोकं शांत ठेवायचं, ही सोपी गोष्ट नाही. दिव्या तो जिंकली.

अंतिम सामन्यात भारताच्याच दोघी, एकोणीस वर्षांची दिव्या आणि अडतीस वर्षांची हम्पी. दोघींच्या वयात एका पिढीचं अंतर. मोठे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला कमी वेळाचे डाव झाले. प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा. पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. वेळ संपत आली तशा हम्पीच्या हातून चुका झाल्या, दिव्या जिंकली. विश्वचषक, पन्नास हजार डॉलरचं बक्षीस आणि ग्रँडमास्टर किताब, सगळं त्या एका डावात आलं. नंतर महाराष्ट्र सरकारने तिला तीन कोटी रुपयांचं बक्षीस दिलं.

आता हम्पीचंही ऐका, कारण हरलेलीची गोष्ट कुणी सांगत नाही. हम्पी २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा एवढ्या लहान वयात तो किताब मिळवणारी जगातली पहिली मुलगी. २०१७ मध्ये तिला मुलगी झाली. काही काळ ती खेळापासून दूर होती. मग परत आली आणि २०१९ मध्ये जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. २०२४ मध्ये पुन्हा झाली. बाळंतपणानंतर बाईचं शिकणं, खेळणं, काम संपलं असं मानणाऱ्यांना हम्पीची ही वर्षं दाखवा.

वाट कुणी मोकळी केली?

महाराष्ट्रात मुलींचं बुद्धिबळ दिव्यापासून सुरू झालं नाही. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिलं विजेतेपद मिळवलं मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. वडील नीलकंठ खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक. पुढची दहा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद या तीन बहिणींच्या घराबाहेर गेलंच नाही.

त्यातल्या रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. वय तेरा वर्षं. मुलीने पुरुषांत का खेळायचं, म्हणून गदारोळ झाला. प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की बाई आहे म्हणून कुणालाही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये रोहिणी आशियाच्या विजेत्या झाल्या. त्यांच्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. दार आधी कुणीतरी ढकललेलं असतं, मैत्रिणींनो. आज मुली बिनधास्त खुल्या स्पर्धेत बसतात, त्याला एका तेरा वर्षांच्या मराठी मुलीचाही हातभार आहे.

पण दार उघडलं म्हणून त्रास संपला असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिव्या नेदरलँड्समधल्या एका मोठ्या स्पर्धेत खेळली. ती अठरा वर्षांची होती. परत आल्यावर तिने जाहीरपणे लिहिलं, की बघणारे लोक तिच्या खेळाबद्दल कमी आणि तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब याबद्दल जास्त बोलत होते. मुलग्यांच्या बाबतीत मात्र लोक खेळच बघतात. असं लिहिल्यावर लोक आणखी बोलतील, हे तिला माहीत नसेल का? तरी तिने लिहिलं. आणि पुढच्याच महिन्यांत ती जागतिक ज्युनिअर विजेती झाली, ऑलिंपियाडचं सुवर्ण घेऊन आली.

अठ्ठ्याऐंशीत चारच का?

आता त्या आकड्याकडे परत येऊ. काही जण म्हणतात, बायकांचं डोकं या खेळात चालत नाही. हे खरं असतं, तर दिव्या, हम्पी, हौ यिफान कुठून आल्या? खरं कारण आपल्या घरात शोधा. लहान वयोगटाच्या स्पर्धेत बघा, मुली बऱ्यापैकी असतात. मग मुलगी बारा-तेरा वर्षांची होते. आता एकटी कशी पाठवायची? मुक्कामी कोण जाणार? दहावीचं वर्ष आलं, खेळ बंद. घरात दोन मुलं असतील आणि क्लासची फी एकाचीच भरता येत असेल, तर ती कुणाची भरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग लग्नाची बोलणी. मुलगी पटावर हरत नाही. ती पटापर्यंत पोहोचतच नाही.

आमच्या रावेतमध्ये गेल्या काही वर्षांत उंच उंच सोसायट्या झाल्या. अशा ठिकाणी मुलांना बुद्धिबळाचे वर्ग सहज मिळतात. त्याच सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींच्या मुली संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळतात. डोकं दोघींचंही सारखंच तल्लख. फरक आहे तो संध्याकाळच्या एका तासाचा.

आपण काय करू शकतो?

सगळ्या मुली ग्रँडमास्टर होणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. अगदी मोजक्या होतात. कुणी मोठी स्वप्नं दाखवून मोठी फी मागत असेल, तर जपून. पण बुद्धिबळ शिकलेली मुलगी एका जागी बसून विचार करायला शिकते, चाल करण्याआधी समोरचा काय करेल ते बघते, आणि हरल्यावर हात मिळवून पुन्हा पट मांडते. एवढंही थोडं नाही.

सुरुवात स्वस्त आहे. एक पट, बत्तीस सोंगट्या. गटाच्या पैशातून एक-दोन पट घेता येतील. अंगणवाडीच्या ओसरीवर, समाजमंदिरात, शाळेच्या व्हरांड्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी मुली खेळू द्या. शिकवायला मोठा प्रशिक्षक नको. गावात कॉलेजात जाणारं कुणी ना कुणी खेळणारं असतंच. मुलींबरोबर आयांनीही शिकावं. घोड्याची अडीच घरांची चाल एकदा कळली की बाकी सोपं आहे.

मुलगी चांगली खेळते असं वाटलं, तर शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटा. शाळांच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या क्रीडास्पर्धांत बुद्धिबळ असतं. जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघटनेकडे वयोगटाच्या स्पर्धांची माहिती मिळते. नोंदणीला जन्मदाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा, नाव आणि तारीख बरोबर आहे का बघा. रेटिंग मिळण्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेत रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात. पहिल्या स्पर्धेत ते मिळालं नाही, तर निराश होऊ नका.

आणि सोबत जाण्याचा प्रश्न गटाने मिळून सोडवावा. आपण दवाखान्यात एकमेकींसोबत जातो, बँकेत जातो, तहसीलला जातो. तसंच चार मुलींना घेऊन एक मावशी स्पर्धेला गेली, तर चार आयांची रोजची मजुरी बुडत नाही. पाळी लावून घ्या. या महिन्यात तुम्ही, पुढच्या महिन्यात दुसरी.

तर पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की हा विषय मांडा. आपल्या गटात दहा ते चौदा वर्षांच्या मुली किती आहेत आणि त्यांना संध्याकाळचा एक तास मोकळा मिळतो का, एवढं आधी मोजा. नसेल मिळत, तर तो कसा काढायचा, त्यावर बोला. तुमच्या गावात पट मांडला की आम्हाला जरूर कळवा, त्या मुलींना आपण याच कार्यक्रमात बोलायला बोलावू.

आज इथेच थांबते. नमस्कार.